दह्याशिवायची परीक्षा

आत्याबाई, तेरवी आटोपली. जेवून गेलेल्या प्रत्येकाने तुमचं कौतुक केलं. कोणी म्हणालं देवमाणूस, कोणी म्हणालं साक्षात अन्नपूर्णा. मी भाताचं पातेलं घेऊन पंगतीत फिरत होते आणि मनात म्हणत होते, ही माणसं नेमकी कोणाबद्दल बोलून राहिली? माझ्या बाळंतपणात डिंकाच्या लाडवांच्या डब्याला कुलूप लावणारी बाई अन्नपूर्णा? पण मी कोणाला काही बोलले नाही. वाढत राहिले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणून इतरांशी बोलत नाही, थेट तुमच्याशीच बोलते. तोंडावर बोलायची सवय तुम्हीच लावली, आता ऐका.

आपलं भांडण सुरू झालं तेव्हा मी तुमची सूनसुद्धा झाले नव्हते. बाहत्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या उन्हाळ्यात बपेऱ्याला आमच्या अंगणात साक्षगंध होतं. तुम्ही तुमसरहून आला होता, पांढरं लुगडं, पाय लांब करून बसलेल्या. नवरा जाऊन वर्षं झाली होती आणि घरचे माग तुम्ही एकट्या चालवत होता, हे आम्हांला ठाऊक होतं. पुरुषांची बोलणी चालली होती. सुपारी फुटायची वेळ आली तेव्हा माझे बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, थांबा. मुलाचा शब्द नको, मामाचा नको, विहीणबाईंच्या तोंडून पाहिजे. पोरगी मानसशास्त्र शिकेल. बी.ए. आणि एम.ए. दोन्ही, सलग, मधे खंड न पडता. तर सुपारी फोडू, नाही तर राम राम.

मांडवातल्या सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळल्या. बाईमाणसाला असं सगळ्यांपुढे उभं करायची रीत नव्हती. तुमचा चेहरा मला खिडकीतून दिसत होता. रागाने काळा पडला होता तो. बाबांनी तुमच्यावर विश्वास नसल्याचं पाच माणसांत सांगितलं होतं, आणि तुम्हांला ते नीट कळलं होतं. तुम्ही तंबाखूची चिमूट तोंडातून काढून टाकली.

"पाच माणसाईत मागितला, पाच माणसाईत देतो," तुम्ही म्हणालात. "दोन्ही डिग्र्या. आता तुमी जगा का मरा, घेतल्याबिगर तिले सोडत नाही मी."

लोक हसले. बाबाही हसले. सुपारी फुटली.

मानसशास्त्रच का, ते तुम्ही त्या वेळी विचारलं नाही. लग्नानंतर कळलं तेव्हा मात्र हत्यार मिळाल्यासारखं वापरलंत. माझी आई शेवटची काही वर्षं स्वतःशी बोलायची, धानाच्या बांधीत जाऊन बसायची, मला ओळखायची नाही. गावाने तिच्या अंगात काही तरी शिरलं म्हणून ठरवलं. पुजारी आले, धूर झाला, लिंबं झाली, शेवटी तिला मागच्या खोलीत बांधून ठेवायची वेळ आली. नागपूरच्या डॉक्टरकडे नेलं तोवर उशीर झाला होता. हा आजार आहे, एवढंच त्याने सांगितलं. बाबा परत येताना म्हणाले, घरात कोणाला तरी हे शिकलं पाहिजे. घरात मी एकटीच होते.

आणि तुम्ही काय केलंत? साडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना माझी ओळख अशी करून द्यायच्या, "हे माई सून. डोक्याचं शिकून राहिली. तिची माय येडी होती ना." मी चहाचे कप घेऊन उभी असायची. गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांत बघायचं, वेड कुठपर्यंत उतरलं ते पाहायला. तेव्हा तुमच्या अंगावर चहा ओतावासा वाटायचा. आजही वाटतो, पण तुम्ही ती सोय ठेवली नाही.

पण शब्द तुम्ही पाळलात. तोच तर त्रास होता. दुसरी एखादी सासू असती तर सहा महिन्यांत म्हणाली असती, पुरे झालं शिक्षण, आता घर बघ. मी रडले असते, माहेरी सांगितलं असतं, आणि कुठे तरी सुटले असते. तुम्ही सुटू दिलं नाही. उजाडायच्या आत उठवायच्या, रिक्षात बसवून तुमसर रोड स्टेशनला पाठवायच्या, आणि तिथून मी पॅसेंजरने नागपूर. रोजचं अप-डाउन. संध्याकाळी परत आले की भांडी तशीच पडलेली असायची. शब्द शिकवायचा दिला होता, भांडी घासून द्यायचा नाही, असं तुम्ही एकदा स्वच्छ सांगितलं होतं. नणंद शकू तेव्हा आठेक वर्षांची, ती लपून राख आणि काथ्या आणून माझ्या शेजारी बसायची. तुम्ही पाहिलं की तिलाही चापट पडायची.

परीक्षेचा दिवस मात्र वेगळा. त्या दिवशी तुम्ही स्वतः उंबऱ्याशी यायच्या आणि माझ्या तळहातावर दही-साखर ठेवायच्या. विधवेच्या हातचं दही चालतं का, असं शेजारणीने विचारलं तर तिला तुम्ही असं झापलं की ती महिनाभर आपल्या दाराकडे फिरकली नाही. मी हात चाटून निघायची. स्टेशनच्या वाटेवर मारुतीचं देऊळ लागतं, तिथे रिक्षा थांबवून घंटा वाजवायची. बी.ए.चा एकही पेपर असा गेला नाही. तेवढ्यापुरतं मला वाटायचं की माझी आई शहाणी असती तर तिने असंच केलं असतं. मग संध्याकाळी भांडी.

बी.ए. झाल्यावर मीच थकले, आत्याबाई. पोट होतं, गाडीत रोज उलट्या व्हायच्या. मी तुमच्या पाया पडून म्हणाले की एम.ए. राहू द्या, बाबांना मी सांगते. तुम्ही चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होता, हात थांबवला नाही. म्हणालात, अर्धा शब्द देऊन मी कोणाचं तोंड पाहू? नंदू झाला, आणि तो पुरता अंग धरायच्या आत तुम्ही मला पुन्हा गाडीत बसवलं. वर्गात सिद्धांत चालू असायचे आणि माझं ब्लाउज दुधाने भिजायचं. मी पदर घट्ट ओढून लिहायची. घरी यावं तर नंदू तुमच्या कडेवर, गाईच्या दुधाने पोट भरलेला, माझ्याकडे येईना. "पाय, आता तुले ओळखत नाही," तुम्ही म्हणायच्या, आणि त्यात तुम्हांला गोडी वाटायची. वाटायचीच. ते नाही म्हणू नका.

प्रयोगांचं आठवतं? मानसशास्त्राच्या प्रयोगाला समोर बसणारा एक माणूस लागतो, सब्जेक्ट. पुस्तकात त्याला प्रयुक्त म्हणतात. कॉलेजातल्या मुली एकमेकींच्या सब्जेक्ट व्हायच्या, पण घरचा सराव करायचा तर घरचं माणूस पाहिजे. मोहल्ल्यात कोणी तयार होईना. सगळ्यांना वाटायचं की ही पेन्सिल घेऊन बसते आणि कोण वेडं ते शोधून काढते. शेवटी तुम्हीच म्हणालात, "मले बसव. माया डोक्यात काय हाये ते मले मालूम हाये."

मग रविवार-रविवार आपण समोरासमोर बसलो. आरशात बघून तारा गिरवायचा प्रयोग, शब्द पाठ करायचा प्रयोग, प्रश्नावल्या. मी विचारायची, तुम्हांला लोकांची भीती वाटते का? तुम्ही म्हणायच्या, लोकाईले माई वाटते, तसं लिही. मी विचारायची, तुम्हांला कधी अपराधी वाटतं का? तुम्ही म्हणायच्या, पुढचा प्रश्न घे. घरात मी तुम्हांला हुकूम सोडू शकेन अशी तेवढी एकच जागा होती. गरज नसतानाही मी तुम्हांला बसवायची. "हलू नका, बोलू नका, शब्द ऐकला की मनात येईल ते पहिलं सांगा." तुम्ही ऐकायच्या. सबंध आठवड्यातलं माझं तेवढंच सुख होतं, आणि त्याची मला काडीची लाज नाही.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येकीने आपला सब्जेक्ट आपणच घेऊन यायचं, असा विभागाचा नियम होता. तुम्ही येणार हे ठरलेलंच होतं. नवं लुगडं काढून ठेवलं होतं. तुमचा मुलगा साड्यांचे गठ्ठे घेऊन रायपूरला गेलेला, म्हणून नंदूला आणि शकूला शेजारी ठेवायचं ठरलं होतं.

त्या सकाळी मी न्हाणीत असताना दाराशी कोणी तरी सायकल टेकवली. मी आतून विचारलं, कोण आहे? तुम्ही म्हणालात, दूधवाला. बाहेर आले तर दारात कोणी नव्हतं. तुम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या होता.

मग आपण निघालो. उंबऱ्याशी मी तळहात पुढे केला. तुम्ही पाहिलं आणि तशाच पुढे निघालात. म्हणालात, दही आंबलं. एम.ए.ची शेवटची परीक्षा, आणि दही आंबलं! मला इतका राग आला की मी रिक्षात तुमच्याकडे पाठ करून बसले. मारुतीचं देऊळ आलं. मी रिक्षावाल्याला थांब म्हटलं, तुम्ही म्हणालात, उशीर होते, चाल. देवळासमोरून आपण घंटा न वाजवता गेलो. गाडीत तुम्ही तुमच्या वाट्याच्या पोळ्याही मला दिल्या, स्वतः घोटभर पाणीसुद्धा प्यायला नाहीत. पाच वर्षं मानसशास्त्र शिकलेली मी समोर बसून ते सगळं बघत होते. आणि मी काय निष्कर्ष काढला? म्हातारीला परीक्षेचं टेन्शन आलं.

घरात सुतक असलं की शकुनाचं काही करायचं नसतं, देवळाची पायरी चढायची नसते. हे शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही मला दही दिलं नाही, कारण ते खोटं झालं असतं. देवाशी तुम्हांला खोटं वागवलं नाही. माझ्याशी मात्र बेलाशक वागलात.

परीक्षेत मला शब्द-साहचर्याची चाचणी आली. मी एकेक शब्द म्हणायचा, तुम्ही मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि मी स्टॉपवॉच लावून वेळ टिपायची. तुम्ही झपाझप बोलत होता. झाड म्हटलं, मोह. पाणी म्हटलं, तलाव. सूत म्हटलं, कांडी. बाहेरून आलेले परीक्षक मागे येऊन उभे राहिले. मी यादीतला पुढचा शब्द वाचला.

"वडील."

तुम्ही गप्प. स्टॉपवॉचचा काटा फिरत राहिला. तुम्ही माझ्याकडे बघत होता, पापणी न हलवता. कानाशी घाम आला होता तुमच्या. परीक्षक पुढे वाकले. मला आतून आनंद झाला, आत्याबाई, कारण असा अडखळलेला शब्द सापडला की सबंध अहवाल त्याच्याभोवती लिहिता येतो. किती तरी वेळाने तुम्ही म्हणालात, "गाडी."

मी लिहिलं. मोठ्या तब्येतीने लिहिलं. प्रयुक्ताच्या मनात वडिलांविषयी दडपलेला संघर्ष आहे, विलंब ठळक आहे, गाडी हे दूर जाण्याचं प्रतीक असून बालपणी वडिलांपासून झालेल्या ताटातुटीकडे निर्देश करते. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत नेमकं तेच उचललं आणि म्हणाले, अर्थ लावायची चांगली समज आहे तुम्हांला. मी मान खाली घालून हसले.

बाहेर व्हरांड्यात तुम्ही बाकावर बसला होता. मी उड्या मारत आले. तुम्ही म्हणालात, "झालं सगळं? पुरं झालं?" मी म्हटलं, हो, आणि चांगलं झालं.

"बाराची गाडी गेली," तुम्ही म्हणालात. "दोनची पकडू. तुया बाप गेला. रातीच गेला. तुळशीराम आला होता सांगाले."

तुम्ही हे कसं सांगितलंत ते मी कधी विसरले नाही. हात धरला नाही, जवळ घेतलं नाही. आधी गाडी, मग बाप. मी तिथेच व्हरांड्यात खाली बसले आणि तुम्ही माझी पिशवी उचललीत.

बपेऱ्याला पोचलो तोवर दिवस कलला होता. बावनथडी नदीच्या काठावरून धूर दिसत होता, तोही शेवटचा. माझ्या चुलतभावाने, तुळशीरामने, मला पाहून तोंड फिरवलं. चैत्राच्या उन्हात किती वेळ ठेवणार, असं बायका म्हणाल्या. लेक येईपर्यंत थांबतात, आत्याबाई. कितीही ऊन असो, लेकीसाठी थोडं थांबतातच. पुढे तुळशीरामने मला सांगितलं, थांबणारच होतो आम्ही, पण तुझ्या सासूनेच निरोप दिला की वाट पाहू नका. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत.

शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही मला. आईचं पाहिलं होतं, ते न पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं होतं. बाबांचं पाहायचं होतं.

निकाल लागला. दोन्ही डिग्र्या झाल्या, सलग, मधे खंड न पडता. तुम्ही सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटले. मला एकही खाववला नाही.

त्यानंतर दहा वर्षं आपण एकच भांडण भांडलो. बाकी सगळी भांडणं त्याच्यावरचं पांघरूण. मी इथल्याच ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागले, घर चालवायला लागले, लाडवांच्या डब्याची किल्ली माझ्या कमरेला आली. तरी काही निमित्ताने तो दिवस निघायचाच. शेवटचं निघालं ते गेल्या पोळ्याला. मी म्हटलं, सांगितलं असतं तर काय झालं असतं?

"पेपर गेला असता."

"माझा बाप गेला होता, आत्याबाई."

"तो गेलाच होता. पेपर जायचा होता."

मी ताट आपटून उठले. तुम्ही मागून म्हणालात की तुझ्या बापाला मी पाच माणसांत शब्द दिला होता, तो मेला म्हणून माझा शब्द मरत नाही. वर म्हणालात, जिवंत असता तर त्याच्या तोंडावर नेऊन आपटल्या असत्या दोन्ही डिग्र्या. म्हणजे हे सगळं माझ्यासाठी नव्हतंच. मांडवात झालेला अपमान तुम्ही पाच वर्षं सुतासारखा गुंडाळत बसलात, आणि कांडी म्हणून मला वापरलंत.

मग मला एकच सांगा. वाट पाहू नका असा निरोप तुम्हीच दिला होता, तर परीक्षेच्या खुर्चीत बसून तुम्ही गाड्या कोणासाठी मोजत होता? हे मला तुम्हांला विचारायचं होतं. दहा वर्षांत विचारलं नाही. तुम्ही काय उत्तर द्याल याची भीती वाटायची.

आता शकूचं. माझं पाहून तुम्ही तिलाही मानसशास्त्र घ्यायला लावलंत. तिला इतिहास आवडायचा, पण तुम्ही म्हणालात, सुनेनं केलं ते लेकीनंही केलं पाहिजे, दोन्ही डिग्र्या, नाही तर लोक म्हणतील सून हुशार आणि लेक ठोंब्या. तिला नागपूरला होस्टेलवर ठेवलंत. सुनेसाठी अप-डाउन, लेकीसाठी होस्टेल! असो. मीच तिला शिकवलं. पोरगी गुणाची आहे, रडत-कुढत का होईना, पोचली एम.ए.च्या शेवटच्या परीक्षेपर्यंत.

आणि नेमकं तेव्हा तुमच्या पोटात पाणी झालं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. मागाच्या खोलीत तुमची खाट टाकली. शकूचा एक पेपर राहिला होता आणि प्रात्यक्षिक. तुम्ही मला जवळ बोलावलं आणि माझं मनगट धरलं.

"शकूले सांगायचं नाही," तुम्ही म्हणालात. "पेपर होऊ दे, मंग सांगजो. शब्द दे."

मी शब्द दिला. तुमचा मुलगा समोर उभा होता, डॉक्टरकडून आलेला कंपाउंडर होता. माणसांत मागितला, माणसांत दिला. तुम्ही डोळे मिटले, समाधानाने. या पोरीला मी पक्की घडवली आहे, असं वाटलं असेल तुम्हांला.

मग मी चप्पल घातली, राईस मिलच्या ऑफिसात गेले आणि होस्टेलला तातडीचा ट्रंक कॉल लावला. शकूला म्हटलं, आई जाते आहे, असशील तशी निघ. ती म्हणाली, वहिनी, उद्या पेपर आहे. मी म्हटलं, माहीत आहे.

हे मी शकूच्या भल्यासाठी केलं, की तुम्हांला मरताना हरलेलं पाहायचं होतं म्हणून केलं, ते मला सांगता येणार नाही. दोन डिग्र्या असून सांगता येणार नाही. मिलमधून परतताना मला हलकं वाटत होतं, एवढं खरं.

शकू आली तेव्हा तुम्हांला शुद्ध होती. तुम्ही आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. सगळं समजलं तुम्हांला. असं बघणं मी तुमच्याकडून यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, साक्षगंधाच्या मांडवात.

"पेपर टाकून काहून आली?" तुम्ही शकूवर खेकसलात. आवाज फुटत नव्हता, तरी खेकसलात. "सकाळची गाडी हाये. जाजो."

शकू हुंदके देत तुमच्याजवळ बसली. तुम्ही तिचं मनगट धरलंत. ती पाणी आणायला उठू लागली, तर सोडेनात. तोंडाने जा म्हणत होता आणि बोटं तिच्या मनगटात रुतली होती. मी पायथ्याशी उभी राहून ती बोटं बघत होते. हीच बाई, आत्याबाई. हीच बाई माझ्या परीक्षेत समोर बसली होती. तेव्हा तुमचे हात टेबलाखाली होते, मला दिसले नाहीत.

पहाटेच्या सुमाराला तुम्ही गेलात. सकाळची गाडी तुमसर रोडहून सुटली तेव्हा शकूचं मनगट सोडवायला मला तिला मदत करावी लागली. तुम्ही माझ्याशी शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाहीत. हा तुमचा शेवटचा टोला, आणि चांगला बसला.

तुम्हांला वाटत असेल, शकू तरी माझे पाय धरत असेल. तसं काही नाही. तेरवीच्या आदल्या दिवशी ती डाळ निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, आईनं तुमच्याकडून शब्द घेतला होता ना? मग तो काहून मोडला? माझं वर्ष गेलं." मी म्हटलं, तुला आईचं तोंड पाहायला मिळालं. ती म्हणाली, "रागावलेलं पाहायला मिळालं. मरताना माझ्यावर चिडून गेली ती." आणि ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. बघा, तुम्ही शब्द पाळला तेव्हा एक पोरगी तुमच्यावर उलटली, मी मोडला तर दुसरी माझ्यावर. आपलं दोघींचं नशीब या बाबतीत सारखंच निघालं.

आता शकू पुढच्या वेळी पुन्हा बसणार आहे. राहिलेला पेपर आणि प्रात्यक्षिक, दोन्ही. दुसरी डिग्री ती घेणारच, तुमची लेक आहे. काल दुपारी तिने सरावाला सुरुवात केली. माझ्याशी धड बोलत नाही, पण सब्जेक्ट लागतोच, आणि मोहल्ल्यात अजूनही कोणी तयार होत नाही. तिने मला मागाच्या खोलीत बसवलं. तुम्ही जिथे बसायच्या तिथेच, चरख्याजवळ. स्टॉपवॉच माझंच. ती म्हणाली, हलू नका, बोलू नका, मनात येईल ते पहिलं सांगा. मी हो म्हटलं. झाड, पाणी, रस्ता, मी झपाझप उत्तरं दिली.

मग ती म्हणाली, "आई."

मला माझी आई आठवायला पाहिजे होती, बपेऱ्याच्या मागच्या खोलीतली. ती आली नाही. उंबरा आला, आणि त्यावर उभ्या तुम्ही. स्टॉपवॉचचा काटा फिरत राहिला. शकूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मला तो आनंद दिसला, अडखळलेला शब्द सापडल्याचा.

"दही," मी म्हणाले.

तिने लिहून घेतलं. संध्याकाळी तिचा अहवाल वाचला. प्रयुक्ताच्या मनात आई म्हणजे खाऊ घालणारी, माया करणारी व्यक्ती आहे, असं लिहिलं आहे तिने. मी काही दुरुस्त केलं नाही. चांगले मार्क पडतील पोरीला.